क्यूसीएम, सॉ की लव्ह वेव्ह? पायझो सेन्सर निवडताना आधी काय बघायचं

एमएस्सीचा प्रोजेक्ट असो, पीएचडीचं पहिलं वर्ष असो किंवा दोघा-तिघांचं स्टार्टअप, पायझोइलेक्ट्रिक क्रिस्टलमधल्या ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर करायचा ठरलं की बहुतेक जण पेपर उघडतात, सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघतात आणि जिथे तो मोठा तिकडे धावतात. माझं ठाम मत आहे की तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी दोनच गोष्टी नक्की करा: नमुना कोरडा आहे की ओला, आणि सेन्सरपर्यंत वायर नेता येणार आहे की नाही. या दोन उत्तरांतच निम्मे पर्याय गळून पडतात, उरलेल्यांत मग टेंपरेचर, कोटिंग आणि पैसे यांचा विचार करायचा.

तत्त्व सगळ्यांचं एकच आहे. क्वार्ट्झसारख्या क्रिस्टलवर दाब दिला की चार्ज तयार होतो, हे पिएर आणि जाक या क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि व्होल्टेज दिलं की क्रिस्टल हलतो हेही पुढच्या वर्षभरात सिद्ध झालं. म्हणजे विजेने क्रिस्टलमध्ये लहर उठवायची, पृष्ठभागावर काही येऊन बसलं की ती लहर किंचित मंदावते, फ्रिक्वेन्सी खाली येते, ती मोजायची. फरक आहे तो लहर कुठून चालते यात. क्यूसीएममध्ये (क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स) ती चकतीच्या पूर्ण जाडीतून चालते, सॉमध्ये (सरफेस अकूस्टिक वेव्ह) पृष्ठभागाला धरून साधारण एका तरंगलांबीच्या खोलीत, लव्ह वेव्हमध्ये वरच्या पातळ थरात अडकून, आणि एफबारमध्ये (फिल्म बल्क अकूस्टिक रेझोनेटर) मायक्रॉनभर जाडीच्या फिल्ममध्ये.

क्यूसीएमपासून सुरुवात करू, कारण तो तुमच्या डिपार्टमेंटमध्ये आत्ताही असेल. थिन फिल्मच्या कोटिंग युनिटला जो डीटीएम (डिजिटल थिकनेस मॉनिटर) लावलेला असतो, जाडी अँगस्ट्रॉममध्ये दाखवणारा, त्यात बहुतेक वेळा सोन्याचं कोटिंग दिलेला ६ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टलच असतो. जर्मनीच्या सॉअरब्रेने १९५९ मध्ये दाखवलं की फ्रिक्वेन्सीतला फरक बसलेल्या वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात असतो, आणि ५ मेगाहर्ट्झच्या एटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्रिस्टलला हिशोब येतो १ हर्ट्झला दर चौरस सेंटिमीटरमागे १७.७ नॅनोग्रॅम. कॅलिब्रेशनची फार कटकट नाही, क्वार्ट्झची घनता आणि कातर-ताठरपणा माहीत असला की सूत्र तयार. पण त्याला अटी आहेत, थर पातळ हवा, कडक हवा आणि सगळीकडे सारखा हवा. क्रिस्टल मधोमध सगळ्यात जास्त हलतो आणि इलेक्ट्रोडच्या कडेला जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे पॉलिमरचा थेंब टाकून वाळवलात आणि तो एका बाजूला सरकला तर तेवढ्याच वस्तुमानाला वेगळा आकडा येतो. म्हणून ड्रॉपकास्टपेक्षा स्पिन किंवा स्प्रे कोटिंग बरं.

स्वस्तात करायचं असेल तर क्यूसीएमला तोड नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत जा, १० मेगाहर्ट्झचा साधा एचसी-४९ क्रिस्टल घ्या, डबी अलगद कापून काढा, आत चांदीचे इलेक्ट्रोड असलेली क्वार्ट्झची चकती मिळते. ऑसिलेटर, फ्रिक्वेन्सी काउंटर आणि अर्डुइनो एवढ्यात ह्युमिडिटी किंवा अल्कोहोलची वाफ दिसायला लागते. मात्र ही चकती पाण्यात बुडवायची नाही, दोन्ही इलेक्ट्रोड उघडे असतात.

आता सॉ. पृष्ठभागावरून जाणाऱ्या या लहरींचं गणित लॉर्ड रॅलेने १८८५ मध्येच मांडलं होतं, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना त्या खऱ्या उपयोगी पडल्या १९६५ नंतर, जेव्हा बर्कलीला व्हाइट आणि व्होल्टमर यांनी क्वार्ट्झवर एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे इलेक्ट्रोड काढून लहर थेट पृष्ठभागावर उठवली. त्यालाच आपण आयडीटी (इंटरडिजिटल ट्रान्सड्यूसर) म्हणतो. १९७९ मध्ये वोल्टजेन आणि डेसी यांनी त्यावर पॉलिमर लावून वाफ ओळखणारा सेन्सर केला आणि तिथून गॅस सेन्सिंगची ही शाखा वाढली.

सॉचा मोठा फायदा असा की फ्रिक्वेन्सी चकतीच्या जाडीवर ठरत नाही, बोटांच्या रुंदीवर ठरते. ५ मेगाहर्ट्झच्या क्यूसीएमची जाडी ०.३३ मिलिमीटर असते, ३० मेगाहर्ट्झला ती ५५ मायक्रॉनवर येते आणि हाताळतानाच तडकते. सॉ मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या दणकट वेफरवर १०० मेगाहर्ट्झला आरामात चालतो. एसटी-कट (टेंपरेचरला स्थिर राहणारा कट) क्वार्ट्झवर वेग सुमारे ३१५८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३२ मायक्रॉन आणि एकेक बोट ८ मायक्रॉनचं, कुठल्याही साध्या मास्क अलाइनरवर (प्रकाशाने नक्षी छापणाऱ्या यंत्रावर) होतं. लिथियम नायोबेटवर ४३३ मेगाहर्ट्झला बोट २.३ मायक्रॉनचं, तेही जमतं. पण २.४५ गिगाहर्ट्झला ते ०.४ मायक्रॉनवर जातं, तिथे ई-बीम किंवा स्टेपर लागतो आणि बजेट हाताबाहेर जातं. कॉलेजात क्लीनरूम नसेल तरी अडत नाही, आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम) या कार्यक्रमाखाली आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत बाहेरच्या संशोधकांनाही सुविधा वापरता आल्या आहेत, सध्याचे नियम विचारून अर्ज करा.

आता त्या सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याकडे येऊ. १०० मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झ सॉवर दर चौरस सेंटिमीटरला १ नॅनोग्रॅम बसलं तर फ्रिक्वेन्सी साधारण १२ हर्ट्झने हलते, ५ मेगाहर्ट्झच्या क्यूसीएमवर तेवढ्यालाच ०.०६ हर्ट्झसुद्धा नाही. म्हणजे दोनशे पट, असं पेपरात लिहिलेलं छान दिसतं. पण फ्रिक्वेन्सी वीस पट वाढली की ऑसिलेटरचा नॉइज आणि बेसलाइनचं भटकणंही हर्ट्झमध्ये निदान त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे हातात येतो तो फायदा दहा पटीच्या आसपासचा, आणि तोही क्यू-फॅक्टर (रेझोनन्स किती टोकदार आहे त्याचं माप) पडला नाही आणि टेंपरेचर नीट सांभाळलं तरच. दोन डिव्हाइसची तुलना करताना शिफ्ट नाही, नॉइजच्या तुलनेत शिफ्ट किती हे बघा. पेपरात नॉइज दिलेला नसेल तर तो आकडा तुमच्या निर्णयासाठी उपयोगाचा नाही.

नमुना ओला असेल तर चित्रच बदलतं. रॅले लहरीत पृष्ठभाग वर-खालीही हलतो, आणि ती लहर पाण्यातल्या आवाजापेक्षा वेगवान असते, पाण्यात सुमारे १४८० मीटर प्रति सेकंद आणि इथे तीन-चार हजार, त्यामुळे वर पाणी आलं की तिची सगळी ऊर्जा तिरकी पाण्यात निघून जाते आणि दुसऱ्या टोकाला सिग्नल पोचतच नाही. (मायक्रोफ्लुइडिक्सवाले हीच गळती वापरून थेंब ढवळतात आणि सरकवतात, ते वेगळं काम.) म्हणून रक्त, दूध, बफर असं काही असेल तर साधा सॉ यादीतून काढून टाका. द्रवात चालतात त्या आडव्या हलणाऱ्या लहरी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःच्याच पातळीत सरकतो, पाण्याला वर ढकलत नाही. क्यूसीएमचा एटी-कट तसाच हलतो, म्हणून तो द्रवातही चालतो. ३६ अंशाच्या कटच्या लिथियम टँटलेटवरची एसएच-सॉ (शिअर-हॉरिझॉन्टल सॉ) तशीच. आणि लव्ह वेव्ह, जिचं गणित ए. ई. एच. लव्ह यांनी १९११ मध्ये भूकंपलहरींसाठी मांडलं होतं, तिच्यात क्वार्ट्झवर सिलिकॉन डायऑक्साइडचा किंवा पीएमएमए या पॉलिमरचा मंद वेगाचा थर देतात, लहर त्या थरात कोंडली जाते आणि पृष्ठभागावरचं वस्तुमान तिला जास्त जाणवतं.

कागदावर लव्ह वेव्ह क्यूसीएमला मागे टाकते हे खरं आहे. तरीही प्रोटीन, अँटिबॉडी असलं काम पहिल्यांदा करणाऱ्याला मी क्यूसीएमच घ्यायला सांगेन, आणि कारण आहे फ्लो सेल, म्हणजे सेन्सरवरून द्रव वाहवणारी छोटी पेटी. क्यूसीएमची एकच बाजू ओली होते, मागची कोरडी, मध्ये ओ-रिंग, झालं. लव्ह वेव्हमध्ये आयडीटी आणि सेन्सिंगची जागा एकाच बाजूला, पाणी फक्त मधल्या पट्ट्यावर यायला हवं, आयडीटीवर नको, आणि गॅस्केट मात्र लहरीच्या वाटेवरच दाबून बसतं, थोडं जास्त आवळलं की लॉस वाढतो, कमी आवळलं की गळतं. महिनेच्या महिने यात जातात आणि केमिस्ट्री राहते बाजूला.

द्रवातल्या क्यूसीएमवर नेमकं काय दिसतं ते ऐका, कारण हे माहीत नसलं की माणूस घाबरतो. कोरड्या ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या एका बाजूला २० अंशाचं पाणी सोडलं की फ्रिक्वेन्सी सुमारे ७१४ हर्ट्झने खाली जाते, कानाझावा आणि गॉर्डन यांच्या १९८५ च्या सूत्राने हाच आकडा येतो, आणि क्यू-फॅक्टर काही हजारांवर उतरतो. लहर पाण्यात फक्त २५० नॅनोमीटरपर्यंत शिरते. यावर अँटिबॉडीचा एक थर बसला तर सिग्नल मिळणार काही दहा हर्ट्झचा. आणि त्याच वेळी पाणी १ अंशाने तापलं तर चिकटपणा कमी झाल्यामुळे फ्रिक्वेन्सी ८ हर्ट्झच्या आसपास वर जाते. खोलीतला एसी चालू-बंद झाला तरी ग्राफवर लाट दिसते आणि नवखा माणूस तिला बाइंडिंग समजून बसतो. म्हणून पहिला खर्च टेंपरेचर कंट्रोलवर करा, महागड्या काउंटरवर नंतर. थर जेलसारखा लिबलिबीत असेल, पेशी असतील, तर नुसती फ्रिक्वेन्सी पुरत नाही, डिसिपेशनही (ऊर्जा किती विरते तेही) मोजणारं मशीन लागतं, नाहीतर सॉअरब्रेचं सूत्र वस्तुमान कमी दाखवतं. आणि क्यूसीएम प्रोटीनबरोबर त्याला धरून असलेलं पाणीही तोलतो हेही धरून चला.

टँटलेटच्या एसएच-सॉचं एक खास आहे, तिचं विद्युतक्षेत्र द्रवात शिरतं, त्यामुळे आयनांचं प्रमाण बदललं तरी तिला कळतं. मिठाचं प्रमाण मोजायचं असेल तर हा गुण, वस्तुमानच मोजायचं असेल तर दोष, मग लहरीच्या वाटेवर सोन्याचा थर देऊन तो ग्राउंड करायचा.

टेंपरेचरवरून क्रिस्टलची निवड ठरते. एसटी-कट क्वार्ट्झ खोलीच्या टेंपरेचरला जवळजवळ स्थिर, लिथियम नायोबेटचा १२८ अंशाचा कट मात्र दर अंशाला साधारण ७५ पीपीएम खाली सरकतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला अंशामागे साडेसात हजार हर्ट्झ. गॅस सेन्सरला नायोबेट घेतलात तर शेजारी कोटिंग न लावलेला रेफरन्स हवाच. पण टेंपरेचरच मोजायचं असेल तर नायोबेट घ्या, त्यात वीज आणि लहर यांची जोडणीही क्वार्ट्झपेक्षा कितीतरी जोरदार आहे. रिमोटच्या मॉड्यूलमधला ४३३ मेगाहर्ट्झचा रेझोनेटर काढून थर्मामीटर करायचा विचार असेल तर तो सोडा, तो क्वार्ट्झचा आहे आणि मुद्दाम टेंपरेचरला न हलणारा केलेला आहे.

वायर नेता येत नसेल, फिरता शाफ्ट किंवा हाय व्होल्टेज स्विचगिअरमधला बसबार असेल, तर सॉ एकटाच मैदानात उरतो. बॅटरी नाही, चिप नाही, नुसता क्रिस्टल आणि अँटेना. रीडरने पल्स पाठवला की तो लहर होऊन क्रिस्टलवरून जातो, रिफ्लेक्टरवर आपटून परत येतो आणि अँटेनातून बाहेर पडतो. ही लहर रेडिओपेक्षा जवळपास लाखपट हळू, नायोबेटवर १ सेंटिमीटरला अडीच मायक्रोसेकंद, तोवर भोवतालचे सगळे रेडिओ पडसाद विरून गेलेले असतात आणि सेन्सरचं उत्तर वेगळं उठून दिसतं. फार गरम जागा असेल तर लँगासाइट हा क्रिस्टल बघा, तो वितळेपर्यंत म्हणजे १४७० अंशापर्यंत फेज बदलत नाही, क्वार्ट्झ मात्र ५७३ अंशाला रूप बदलतो. मात्र लोखंडी पॅनेलमध्ये अँटेना ट्यून राहत नाही, प्रत्यक्ष पॅनेलमध्ये लावून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि फ्रिक्वेन्सीसाठी डब्ल्यूपीसीचे (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचे) नियम वाचा.

एफबारवर फार वेळ घालवत नाही. तुमच्या फोनच्या फिल्टरमध्ये तो असतो, दीड-दोन मायक्रॉनची अॅल्युमिनियम नायट्राइडची फिल्म, गिगाहर्ट्झमध्ये चालते. पण मेम्स फॅब (सूक्ष्म यांत्रिक चिप बनवणारी सुविधा) लागते, आणि साधा मोड पाण्यात गुदमरतो, म्हणून द्रवासाठी तिरक्या अक्षाची फिल्म वाढवावी लागते. एका चिपवर शेकडो सेन्सर हवे असतील तरच त्या वाटेला जा.

गॅसवाल्यांसाठी मात्र कोटिंग हाच खरा सेन्सर आहे, क्रिस्टल फक्त तराजू. त्याला बेंझिन आणि पाण्याची वाफ यातलं काही कळत नाही. जुलैत मुंबईत हवेत एवढी आर्द्रता असते की पाणी ओढणारं पॉलिमर घेतलं तर आधी पाऊसच मोजला जाईल. पॉलिआयसोब्यूटिलीनसारखं पाणी न ओढणारं घ्या, तीन-चार वेगवेगळ्या कोटिंगचा अॅरे करा, आणि एक चॅनल ह्युमिडिटीसाठीच ठेवा.

तर पैसे कमी आणि कोरडा गॅस असेल तर १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, फील्डमध्ये न्यायचा गॅस सेन्सर असेल तर एसटी-क्वार्ट्झ सॉचा अॅरे, बायोसेन्सरला आधी क्यूसीएम आणि केमिस्ट्री पक्की झाल्यावर, छोटं डिव्हाइस हवं असेल तरच लव्ह वेव्ह, स्विचगिअरला तयार सॉ सिस्टिम विकत. मोजायला सुरुवातीला नॅनोव्हीएनए (हातात मावणारा नेटवर्क अॅनालायझर) चालतो, ३०० मेगाहर्ट्झच्या वर तो हार्मोनिकवर चालतो त्यामुळे लॉस जास्त असलेल्या डिव्हाइसला कमी पडतो, आणि क्यूसीएम बघताना स्पॅन अगदी अरुंद ठेवा, नाहीतर रेझोनन्स दोन पॉइंटच्या मधून निसटतो.

क्रिस्टल मागवताना सप्लायरला कट, टर्नओव्हर टेंपरेचर (ज्याच्या आसपास फ्रिक्वेन्सी जवळजवळ हलत नाही ते) आणि इलेक्ट्रोडचा धातू लिहून विचारा, आणि द्रवात वापरणार असाल तर पॉलिश केलेलेच मागवा, खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत पाणी अडकतं आणि तेही वजनात धरलं जातं.