लोड बेअरिंग भिंत काढून किचन मोकळं केलं: एक पावसाळा आणि एक गणपती झाल्यानंतरचा अनुभव

आमचं घर कोल्हापुरात, तळमजला आणि वर एक मजला, सत्तरच्या दशकातलं बांधकाम. त्यात कॉलम-बीम काही नाही, नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्यांच्यावर थेट स्लॅब, म्हणजे लोड बेअरिंग, वरचं सगळं वजन भिंतीच पेलतात. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत आम्ही मागच्या हिवाळ्यात काढली. ओळखीतले बरेच जण येऊन बघून गेले आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

काम खूप छान झालं, परत करायची वेळ आली तर परत करीन. पण यात सगळ्यात महत्त्वाचं जे आहे ते आता प्लास्टरच्या आत गेलंय, दिसत नाही, आणि लोक नेमकं तिथंच पैसे वाचवायला बघतात.

आधी एक सांगते, फ्लॅटवाल्यांनी हे वाचून हातोडा उचलू नका. साध्या आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या असलेल्या बिल्डिंगमध्ये आतल्या साडेचार इंची भिंती बहुतेक नुसत्या पार्टिशन असतात, पण हल्लीच्या मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि सगळी बिल्डिंग त्यांच्यावरच उभी असते, तिथं दरवाजाएवढं भोक पाडायचाही विचार करू नये. आमच्याकडे तर वरच्या मजल्यावर बरोब्बर याच भिंतीवर दुसरी भिंत आणि तिच्यावर गच्चीचा स्लॅब, म्हणजे ही भिंत वजन पेलणारी आहे यात शंकाच नव्हती.

पहिल्यांदा जे कॉन्ट्रॅक्टर आले ते म्हणाले दोन दिवसांत पाडतो, वर लिंटेल (दारा-खिडकीवर असतो तसा आडवा पट्टा) टाकतो, झालं. आम्ही त्यांना नमस्कार केला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठले. साहेबांनी आधी वर-खाली सगळी मापं घेतली, मग भिंतीच्या टोकाला जमिनीत खड्डा काढायला लावला, पाया किती खोल, दगड कसा, खाली काळी माती कुठपर्यंत ते बघायला. मला तेव्हा कळेना पायाचा काय संबंध. त्यांनी समजावलं की आत्ता वजन सगळ्या चौदा फुटांवर पसरलंय, भिंत काढली की तेच वजन तिच्या जागी टाकायच्या गर्डरच्या, म्हणजे लोखंडी तुळईच्या, दोन टोकांवर येणार, एका टोकाला साधारण नऊ टन, आणि जुनी वीट एवढं एका जागी पेलत नाही. म्हणून दोन्हीकडे भिंतीत काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे गर्डरच्या टोकाखाली वजन पसरवणारे ठोकळे. पूर्ण भिंतही काढू दिली नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट ठेवायला लावली, मध्ये दहा फूट मोकळं. म्हणाले भिंत नुसतं वरचं वजन घेत नाही, भूकंपात घराला आडवा धक्काही तीच झेलते. कोयनेचा १९६७ चा भूकंप आमच्या सासूबाईंना अजून आठवतो, त्यांनी लगेच मान हलवली, मग दोन फुटांवरून घरात वादच झाला नाही. महापालिकेची परवानगीही साहेबांनीच लागेल म्हणून सांगितलं, ती आर्किटेक्टकडून करून घेतली, त्यात बराच वेळ गेला.

गर्डर टाकायची पद्धत मला फार आवडली. दोन आयएसएमबी २५०, म्हणजे दहा इंच उंचीचे आय सेक्शन, मीटरला ३७ किलो, एकेक बारा फुटी नग सव्वाशे किलोच्या वर. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी स्लॅबखाली फळ्या देऊन जॅकचे टेकू लावले. मग हॉलच्या बाजूने स्लॅबखाली भिंतीच्या अर्ध्या जाडीची खाच फोडली, चेन पुलीने पहिला गर्डर उचलून आत बसवला, वर लोखंडी पाचरी ठोकून नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे सुकताना न आकसणारं सिमेंटचं मिश्रण, भरलं. ते कडक झाल्यावर किचनच्या बाजूने तसंच दुसरा, मग दोन्ही बोल्टने जोडले. खालची भिंत त्यानंतर. म्हणजे वरचं वजन एक क्षणही अधांतरी नव्हतं. मिस्त्री मला म्हणायचे, "वैनी, तुम्ही वर निवांत झोपा," आणि खरंच वर माणसं राहत असताना काम झालं.

टेकू सगळ्यात शेवटी, तेही एकदम नाही, थोडे थोडे सैल करत. तेव्हा वरच्या खोलीत दाराच्या कोपऱ्याला केसासारखी चीर आली, माझ्या पोटात गोळा आला. इंजिनिअर साहेबांनी तिच्यावर काचेची छोटी पट्टी चिकटवली, कडेला पेन्सिलने तारीख लिहिली, म्हणाले हालचाल चालू राहिली तर काच तडकेल. गर्डर तीन-चार मिलिमीटर वाकणार हे त्यांनी गणितातच धरलं होतं. कोल्हापूरचा सगळा पाऊस झाला, काच तशीच आहे.

गर्डर उघडा ठेवून काळा रंग मारा, भारी दिसतं, असं एका इंटिरियरवाल्यांनी सुचवलं होतं. साहेब नाही म्हणाले, आगीत लोखंड तापलं की त्याची ताकद पार उतरते आणि तुमची शेगडी तिथंच. म्हणून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, चिकन मेशची तारेची जाळी आणि सिमेंटचं जाड प्लास्टर. गर्डर छताखाली दहा इंच दिसतो, नजरेला सवय होते.

आता वापराचं. सकाळचं ऊन किचनच्या खिडकीतून थेट हॉलमध्ये येतं, दिवसा लाइट लावायला लागत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या डायनिंग टेबलावर बसून भाजी निवडतात आणि माझ्याशी बोलतात, आधी त्या हॉलमध्ये एकट्या आणि मी आत एकटी. गौरी जेवणाला पंगत वाढताना किती सोपं गेलं काय सांगू.

त्रासही आहेत. हॉलचा पंखा फुल केला की गॅसची ज्योत फडफडते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, शेवटी शेगडीच्या बाजूला ओट्यावर काचेचा आडोसा केला. तांबडा रस्सा केला की वास सोफ्याच्या कव्हरांपर्यंत जातो, चिमणीचा डक्ट एकाच बेंडमध्ये बाहेर काढलाय तरी. मसाल्याची मिरची भाजायची तर मागं परसातच. मिक्सर लावला की टीव्ही बंद केल्यासारखाच. आणि भिंतीतलं फडताळ गेलं, त्यातल्या लोणच्याच्या बरण्या, डबे, परातींना जागा करता करता नाकी नऊ आले, ते कपाटाचं काम अजून बाकी आहे.

खर्चाचं म्हणाल तर गर्डरचं लोखंड अठरा हजारांच्या आसपास, इंजिनिअरची फीसुद्धा साधारण तेवढीच. बाकी सगळं फॅब्रिकेशन, टेकू, मजुरी, राडारोडा उचलणं, फरशी, वायरिंग आणि रंगात गेलं, मिळून अडीच लाखांच्या थोडं वर. जुन्या फरशीशी जुळणारी फरशी मिळाली नाही, म्हणून भिंतीच्या जागेवर कडाप्प्याची पट्टी टाकली, ती छान दिसते.

प्लास्टर करायच्या आधी दोन्ही टोकांचे फोटो काढून ठेवले आणि ड्रॉइंग घराच्या कागदपत्रांच्या फाइलला लावलं. परवा पडद्याचा रॉड बसवायला माणूस आला, त्याला आधी ते ड्रॉइंग दाखवलं, बेड ब्लॉकपाशी ड्रिल मारू दिलं नाही, रॉड एक फूट अलीकडे घेतला.