क्राबीच्या रिसॉर्टमध्ये एक्याऐंशी दिवस

रिसॉर्टच्या बंगलीला कपडे वाळत घालायची दोरी नसते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. चार दिवसांसाठी आलेला माणूस ओले कपडे खुर्चीवर टाकतो आणि उरलेले पिशवीत कोंबून घरी नेतो. आम्ही थायलंडमधल्या क्राबीत राहणार होतो एक्याऐंशी दिवस. ह्यांनी बाजारातून निळी नायलॉनची दोरी आणली आणि व्हरांड्याच्या दोन खांबांना बांधली. दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी आली, हात जोडले, गोड हसली आणि म्हणाली की इथे कपडे वाळत घालता येणार नाहीत, दर्शनी भाग आहे. दोरी मागच्या बाजूला गेली. तिथे ऊन फक्त सकाळी नऊ ते अकरा. पुढचे अडीच महिने आमचा दिनक्रम त्या दोन तासांभोवती बेतलेला होता.

आम्ही दोघं मूळचे गुहागरकडचे, राहायला ठाण्यात. हे बँकेतून निवृत्त, मी शाळेतून. मुलगी म्हणाली, थंडीत दोन-तीन महिने कुठेतरी समुद्राकाठी जाऊन राहा. समुद्र काय, आपल्याकडेही आहेच की! पण तिने तिकिटं काढून टाकली होती. १२ नोव्हेंबर २०२४ ते ३१ जानेवारी २०२५. मुंबईहून थेट विमानाने फुकेत आणि तिथून गाडीने अडीच-तीन तासांत क्राबी. आओ नांगच्या गर्दीपासून दूर, ख्लोंग म्युआंगच्या किनाऱ्यावर मध्यम दर्जाचं रिसॉर्ट. नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि माणसं भली होती.

आधी पैसे. बागेतल्या बंगलीचं महिन्याचं भाडं ४०,००० बात ठरलं होतं. तेव्हा एका बातला साधारण अडीच रुपये पडत होते, म्हणजे लाखभर. नाश्ता वेगळा, वीज वेगळी, युनिटला ७ बात. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नाही आणि पहिल्या बिलावर अर्धा तास घातला. दुसरी गोष्ट, दराच्या पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर ती नक्षी समजू नका. एक १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं ७ टक्के कराचं, आणि कर सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. शंभर बातचे ११७.७० बात. बँकेतल्या माणसाने हे तोंडी करून दाखवलं तेव्हा व्यवस्थापक खूश झाला, बिल मात्र तेवढंच राहिलं.

परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २२० बात कापले जात. तेव्हा थोडे थोडे काढू नका. आपलं यूपीआय आम्हाला कुठे चाललं नाही. दुकानादुकानांत क्यूआर कोड असतात, पण ते तिथल्या बँकखात्यांचे.

आता ज्याच्यासाठी गेलो तो समुद्र.

रिसॉर्टच्या जाहिरातीतले फोटो भरतीचे होते. निळंशार पाणी, पांढरी वाळू, मागे चुनखडीचे उभे सुळके. पोचल्यावर एका संध्याकाळी पाचला मोठ्या हौसेने किनाऱ्यावर गेलो, तर पाणी लांब गेलेलं आणि मध्ये काळे, धारदार, कालवं चिकटलेले खडक. शेजारच्या बंगलीतलं जर्मन जोडपं हिरमुसून उभं होतं. त्यांचे एकूण पाचच दिवस होते आणि पाचही संध्याकाळी त्यांना हेच दिसलं. इंटरनेटवर ह्या किनाऱ्याला शिव्या घालणारे जेवढे अभिप्राय आहेत ते सगळे अशांचे असावेत. चुकीच्या तिथीला आले, बिचारे.

कोकणात आमचे आजोबा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, मग रोज पाऊण तास पुढे, अष्टमीला सहा वाजता. मी हाच हिशेब इथे लावला आणि दोन दिवस फसले. मग वहीत वेळा टिपायला लागले. १५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री तिथला लॉय क्राथोंग, केळीच्या सोपटाच्या चकतीवर पानाफुलांची वाटी करून त्यात मेणबत्ती लावून पाण्यात सोडायची. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दिवे सोडतात, अगदी तसंच. त्या दिवशी भरती सकाळी दहा-साडेदहाला आली. म्हणजे हिशेब तोच, फक्त घड्याळ दीड तास अलीकडे. एकदा हे बसल्यावर सगळं सोपं झालं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सकाळी पोहायचं आणि संध्याकाळी खडकांत खेकडे बघत हिंडायचं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, पाणी फार आत जात नाही की फार वर येत नाही, आणि तेव्हा संध्याकाळचं पोहणं जमतं. आठवडाभरासाठी जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडा. चेष्टा नाही करत.

पावसाळाही आपल्यासारखाच. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा पाऊस, नोव्हेंबरपासून उघडीप. ही गोष्ट अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्याची. पलीकडच्या आखातात, कोह सामुई बेटावर, नोव्हेंबरात धो धो कोसळतो. आमच्या ओळखीतले एकजण त्याच महिन्यात तिकडे गेले आणि खोलीत पत्ते खेळून आले.

खोलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गादी कडक होती, आम्हाला ती आवडली, युरोपियनांनी बहुधा शिव्या दिल्या असतील. संडासात पाण्याची पिचकारी होती, आणि त्या देशात ती सगळीकडे असते. हे ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कपाटाला कुबट वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. आपल्या दोन गोल पिनांचा प्लग बसतो, तीन पिनांचा बसत नाही. रोज दोन बाटल्या पाणी फुकट, पण दोन माणसांना ते पुरत नाही. रस्त्यावर नाणं टाकून पाणी भरायची यंत्रं असतात, लिटरला एक बातच्या आसपास. पाच लिटरचा कॅन घेतला आणि रोज फिरून येताना भरून आणला.

पहाटे लांबच्या मशिदीतली अजान ऐकू येई. क्राबीत मुसलमान वस्ती बरीच आहे. रिसेप्शनवरच्या तिघींपैकी दोघी डोक्याला हिजाब बांधणाऱ्या, आणि तरीही रोज सकाळी फाटकाजवळच्या छोट्या देवळीसमोर कुणीतरी लाल फँटाची बाटली उघडून, त्यात स्ट्रॉ घालून ठेवलेली असे. ती देवळी जागेच्या राखणदाराची. त्याला म्हणतात ‘फ्रा फूम’. फूम म्हणजे आपली भूमी. आमच्या गावी राखणदाराला नारळ आणि कोंबडा लागतो, ह्याचं सरबतावर भागतं. ह्यांनी पहिल्या दिवसापासून जाता-येता नमस्कार सुरू केला, आणि मला वाटतं माळीबुवांची आमच्यावर मर्जी बसली ती तिथून. ते मला ‘पा’ म्हणू लागले. पा म्हणजे आईबापाची थोरली बहीण. माझ्यापेक्षा वयाने मोठे असतील, पण असो.

जेवण. नाश्त्याचा बुफे आठव्या दिवशी नकोसा होतो. शाकाहारी माणसाने तीन गोष्टी पाठ कराव्यात. ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे माशाचा खारट सॉस घालू नका, कारण तो मिठासारखा सगळ्यात जातो. ‘मांगसाविरात’ म्हणजे शाकाहारी, शब्द आपल्याच मांस-विरतीतून आलेला. आणि तिसरी ‘जे’. पिवळ्या फडक्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. आमच्या जैन शेजारणीला मी हे फोनवर सांगितलं तर ती लगेच तारखा विचारायला लागली.

एका गोष्टीची मला सवय झाली नाही. ‘काप्राव’ नावाचा पदार्थ तिथे टपरीटपरीवर मिळतो. भर आचेवर लसूण-मिरचीत मांस परततात आणि शेवटी मूठभर पानं टाकतात. ती पानं तुळशीची. रानतुळस म्हणा, पण वास अंगणातला. पहिल्यांदा धुरातून तो वास आला तेव्हा माझा हात नकळत जोडायला वर गेला आणि समोर कढईत डुक्कर.

महिन्यानंतर आम्ही किचनेटवाल्या खोलीत गेलो. ४६,००० बात, पण पैसे वसूल. आधीच्या खोलीत शेगडी लावायला बंदी होती, दारावर उग्र वासाच्या डुरियन फळाच्या चित्रावर काट मारून दंडही लिहिलेला. क्राबी गावच्या बाजारात नारळ यंत्रावर खवून किलोवर मिळतो, दूधही समोर पिळून देतात. मुगाची डाळ मिळाली. आणि एका म्हातारीच्या टोपलीत आमसुलासारख्या, पण फिकट तपकिरी, वाळलेल्या चकत्या दिसल्या. त्यांना ‘सोम खाएक’ म्हणतात, दक्षिण थायलंडात माशाच्या आंबट रश्शात घालतात. कोकमाच्याच भाऊबंदांतलं फळ. त्या रात्री सार केलं. रंग आला नाही, आंबटपणा बरोब्बर आला. हे तीन वाट्या प्यायले आणि म्हणाले, आता आणखी महिना चालेल.

कपड्यांचं सांगायचं राहिलं. रिसॉर्टची धुलाई नगावर, एका सदऱ्याला ५० बात. फाटकाबाहेर पन्नास पावलांवर एक बाई किलोवर कपडे धुऊन, घड्या घालून देत, किलोला ५० बात. रिसेप्शन हे आपणहून सांगणार नाही.

मालिशचंही तसंच. रिसॉर्टमध्ये तासाला ९००, किनाऱ्यावरच्या मांडवात ३००. ह्यांच्या गुडघ्याला मांडवातल्या बाईंनीच उतार पाडला.

आता दोन मोठ्या तक्रारी. पहिली कागदाची. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येत होतं, जुलै २०२४ पासून ही सवलत होती. पुढचे ३० दिवस इमिग्रेशन कचेरीत टीएम ७ नावाचा अर्ज आणि १,९०० बात भरून वाढवून घ्यायचे. आमचे साठ दिवस १० जानेवारीला संपत होते. ६ तारखेला कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघितलं आणि मान हलवली. परदेशी पाहुणा उतरला की मालकाने २४ तासांत त्याची नोंद सरकारला कळवायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. आमच्या रिसॉर्टने ती केलेलीच नव्हती. पुन्हा परत, पुन्हा गाडीभाडं, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. व्यवस्थापक ‘माई पेन राय’ म्हणाला, म्हणजे ‘असू दे, काही बिघडत नाही’. त्याचं काय बिघडणार होतं? उतरल्या उतरल्या त्या नोंदीची छापील प्रत मागून घ्या. नियमही बदलत असतात. मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आम्हाला ते नव्हतं. तेव्हा निघण्याआधी ताजी स्थिती बघूनच निघा.

दुसरी तक्रार जेवणाची, पण भुकेची नव्हे. २४ आणि ३१ डिसेंबरला ‘गाला डिनर’ सक्तीचं. माणशी २,४०० बात, एका रात्रीचे. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्यालाही सक्ती, न खाणाऱ्यालाही. बुकिंगच्या कागदात बारीक अक्षरांत होतं, हे खरं. बर्फात कोरलेला मासा, खेकड्यांचे डोंगर, आणि आमच्यासाठी एक उकडलेलं कणीस. मी कणीस खाल्लं. ९,६०० बातमधलं ते एकच मला नीट आठवतं.

आणि पहिल्या गाला डिनरनंतर दोनच दिवसांनी २६ डिसेंबर. २००४ च्या त्सुनामीला त्या दिवशी वीस वर्षं झाली. थायलंडात पाच हजारांवर माणसं गेली, क्राबीचा किनारा आणि समोरची फी फी बेटं त्यात होती. आमच्या वाटेवर निळी पाटी होती, पळणारा माणूस, मागे लाट, आणि उंचवट्याकडे बाण. दीड महिना रोज तिच्याखालून जात होतो. त्या सकाळी माळीबुवा झेंडूची माळ घेऊन एकटेच पाण्याकडे गेले. परत आल्यावर ह्यांनी खुणेने विचारलं. त्यांनी बोटं दाखवली, दोन. कोण होते ते विचारायला आमच्याकडे शब्द नव्हते. मग त्यांनी नळी घेतली आणि रोजच्यासारखं हिरवळीला पाणी घालू लागले.

पुढच्या नोव्हेंबरला त्याच ठिकाणी जाणार आहोत. किचनेटची खोली, गाला डिनर वगळून, तसं लेखी घेतलंय. दोरी घरूनच नेणार.

अनामत १०,००० बातपैकी ९,६५० परत मिळाले. ३५० एका टॉवेलचे कापले, डाग निघत नाही म्हणून. मी हुज्जत घातली नाही. डाग हळदीचाच होता.