माल ५.१८ चा, बिल ८ चं

रविवार पेठेत आमचं छोटं दुकान आहे. रुखवताच्या टोपल्या, गिफ्ट हँपरच्या रिकाम्या पेट्या, असला माल. इतकी वर्षं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून उचलायचो. या लग्नसराईला म्हटलं, थेट चीनमधून, यीवूहून मागवू. कंटेनर भरण्याएवढी ऑर्डर नव्हती, म्हणून एलसीएल. एकाच कंटेनरमध्ये आपला माल आणि इतर दहाजणांचा.

एलसीएलचा हिशेब सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर चालतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, दहा लाखांनी भागा. माझं खोकं ६० × ४० × ४५, म्हणजे ०.१०८ सीबीएम. खोकी ४८, एकूण ५.१८४. वजन जेमतेम ४३२ किलो. १ सीबीएमला १ टन धरून, सीबीएम आणि टन यांतला जो आकडा मोठा भरेल त्यावर भाडं लागतं, म्हणजे आमच्यासारख्या हलक्या मालाला कायम आकारमानच लागणार. रिकाम्या पेट्या मागवणं म्हणजे पैसे मोजून हवा आणणं. हे मला ठाऊक होतं. वहीत सगळं लिहून ठेवलं होतं आणि स्वतःवर खूष होतो.

विक्रेती बाई गोड बोलायची. "सर, सीआयएफ न्हावा शेवा देते, समुद्रभाडं शून्य." सीआयएफ म्हणजे मालाच्या किमतीत विमा आणि इथल्या बंदरापर्यंतचं भाडं धरलेला भाव. त्यात भाडं शून्य! मी आणखी चौकशी केलीच नाही.

जहाज लागलं आणि इथल्या फॉरवर्डरचं, म्हणजे मालवाहतूक जुळवणाऱ्या एजंटचं, बिल आलं. ८ सीबीएम, दर ४,८०० रुपये. त्यात टर्मिनल, सीएफएस (बंदराबाहेरचं, कंटेनर उघडायचं गोदाम), डिस्टफिंग (कंटेनर रिकामा करणं) आणि अजून तीनचार नावं. वर डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याची चिठ्ठी) आणि कागदपत्रांचे ७,५००. १८ टक्के जीएसटी धरून ५४,१६२ रुपये. मी वीस हजार धरून बसलो होतो.

फॉरवर्डरला फोन केला. "अहो, खोकी फुगतात." फुगतात हे खरं आहे. तिन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर फुगलं तर ५.१८ चे ६.२४ होतात, मी गुणून पाहिलं. पण ८ कसे? दोन दिवस टोलवाटोलवी झाल्यावर उत्तर आलं: माल पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या फळ्यांच्या चौथऱ्यांवर आहे. मी पॅलेट मागितलेच नव्हते. चीनमधल्या निंगबो बंदराच्या गोदामात परस्पर चढवले होते, चार पॅलेट. एका थरात पाच खोकी, असे तीन थर. १.२ × १ × १.५ मीटर, म्हणजे पॅलेटमागे १.८ सीबीएम. चार पॅलेटचे ७.२. आणि ७.२ चे "राउंड करून" ८.

आता गंमत बघा. एका पॅलेटवर १५ खोकी, तिघांवर ४५. चौथ्यावर उरली तीन. फोटो मागवला, तर खरंच तीनच खोकी, एकाच थरात, प्लास्टिक गुंडाळलेली, जेमतेम गुडघ्याएवढी. त्या बिचाऱ्यांनाही दीड मीटर उंची लावली होती.

आमचे क्लिअरिंगवाले, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणारे, काका म्हणाले, "ड्राफ्ट बीएल तुमच्याकडे आला होता ना? काय बघितलं?" बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती; तिचा मसुदा मंजुरीला येतो. उघडून पाहिला. पत्ता बघितला होता, जीएसटी नंबर बघितला होता, दुकानाच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घेतलं होतं. त्याच पानावर, खालच्या चौकोनात, ४ पॅलेट, ७.२०० सीबीएम. मी "ओके" पाठवलेलं. मेल अजून तसाच आहे.

शून्य भाड्याचं इंगितही काकांनीच सांगितलं. तिकडचा एजंट विक्रेत्याला भाडं शून्य लावतो, कधी वरून पैसेही देतो, आणि इकडच्या जोडीदारामार्फत तेच सीबीएममागे वसूल करतो. सीआयएफमध्ये फॉरवर्डर विक्रेता निवडतो, आपला त्याच्याशी करार नसतो, पण डिलिव्हरी ऑर्डर त्याच्या हातात. ती मिळाल्याशिवाय माल सुटत नाही आणि सीएफएसचं ग्राउंड रेंट, म्हणजे माल पडून राहण्याचं भाडं, रोज चढतं. "माल सोडवायचाय की भांडायचंय?" काका म्हणाले. मी भांडलो. चार दिवसांनी ८ चे ७.२ केले, म्हणजे जीएसटीसकट साडेचार हजार वाचले. तेवढ्यात ग्राउंड रेंट पाच हजारांवर गेलं होतं.

तुम्ही एलसीएल मागवणार असाल तर भाव एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर माल चढवण्यापर्यंतचाच, घ्या आणि फॉरवर्डर इथला, स्वतः ठरवलेला ठेवा. इथले सगळे खर्च सीबीएममागे किती आणि राउंडिंग कसं, हे माल निघण्याआधी लेखी मागा. पॅलेट नको असतील तर "सुटी खोकी" असं ऑर्डरमध्येच लिहा. पॅकिंग झाल्यावर खोक्याला मोजायची टेप लावलेला फोटो मागवा. आणि ड्राफ्ट बीएलमध्ये नावाच्या स्पेलिंगआधी मापाचा आकडा वाचा.

माल उरणजवळच्या सीएफएसमधून टेम्पोने दुकानी आला, तेव्हा ४८ च्या ४८ खोकी सुटी होती. "पॅलेट कुठंयत?" मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "कसले पॅलेट, साहेब?"