नाचणीच्या तयार काड्या : 14 महिन्यांच्या मुलीसाठी घेऊन पाहिलेला खाऊ

आमची मुलगी 14 महिन्यांची आहे आणि प्रत्येक घास स्वतःच्या हाताने खाण्याचा तिचा हट्ट असतो, म्हणून प्रवासात जवळ ठेवता येईल असा कोरडा खाऊ शोधताना लहान मुलांसाठी बनवलेल्या, फुलवलेल्या नाचणीच्या काड्यांचे पाकीट मी घेतले.

पाकीट फोडल्यावर पहिली काडी मी स्वतः तोंडात ठेवून, दात न लावता जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून पाहिली. काही क्षणांतच तिचा लगदा झाला. दाढा पुरत्या न आलेल्या मुलासाठी हा गुण चवीपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे किंवा कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकून श्वास कोंडू शकतो. काडी बोटभर लांब असल्याने मुठीत धरली तरी टोक बाहेर राहते. मुलीने ती आवडीने खाल्ली.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. आम्ही कोकणात राहतो आणि दिवस पावसाळ्याचे होते. पाकिटाचे तोंड घट्ट दुमडून चिमटा लावला होता, तरीही काड्या सादळून वातड झाल्या. पुन्हा तशीच दाबून पाहिलेली काडी विरघळण्याऐवजी टाळूला चिकटून बसली. जी काडी काल निर्धोक होती तीच आज घशात अडकू शकेल, याचा इशारा पाकिटावर ठळकपणे असायला हवा होता. तेथे केवळ ‘कोरड्या जागी ठेवावे’ एवढेच छापलेले आहे.

पाकिटाच्या दर्शनी बाजूस ‘नाचणी’ आणि ‘साखरविरहित’ हे शब्द मोठे आहेत. मागे मात्र घटकांचा क्रम तांदळाचे पीठ, नाचणी, गुळाची पावडर असा आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे यात तांदूळच अधिक. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यासाठीच आपण ती निवडतो, म्हणून हे मला खटकले. गूळ हीदेखील साखरच. 6 ते 23 महिन्यांच्या बालकांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

घरी वाफवलेल्या रताळ्याच्या बोटभर फोडी किंवा मुगाच्या मऊ धिरड्याच्या पट्ट्या मी यापेक्षा केव्हाही पसंत करीन. प्रवासात या काड्या द्यायच्याच असतील तर गाडी थांबवून, मुलाला ताठ बसवून, समोर बसून द्याव्यात आणि फोडलेले पाकीट त्याच दिवशी संपवावे. उत्पादकाने एका वेळेस पुरतील अशी लहान पाकिटे काढली आणि गूळ वगळला, तर मी ती पुन्हा घेईन.