कमरेचं हाड अस्सल, हासळीने निराशा केली

मी शहापुरात राहते, शाळेतून निवृत्त झालेय आणि सध्या एक रहस्यकथा लिहितेय. वडगाव-माधवपूरसारख्या सातवाहनकालीन जागी उत्खनन चालू असतं, खड्ड्यात सांगाडा निघतो, आणि तो 2000 नव्हे, 20 वर्षांपूर्वीचा ठरतो. हाडं हातात घेतल्याशिवाय लिहवेना, म्हणून हा प्लास्टिकचा पूर्णाकृती सांगाडा मागवला.

कमरेचं हाड फार सुंदर केलंय. पुढच्या सांध्याखालचा कोन रुंद, मागची खाचही पसरट, म्हणजे बाई. माझी भाची वैद्यकीय कॉलेजात शिकते, तिने न सांगता ओळखलं.

हासळीने, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाने, मात्र निराशा केली. तिचं छातीकडचं टोक शरीरात अगदी शेवटी, पंचविशी-तिशीच्या दरम्यान पूर्ण सांधतं. तरुण माणसाचं वय ठरवताना तज्ज्ञ तेच बघतात. इथं ते नुसतं गुळगुळीत. तुटलेल्या हाडाचा नमुनाही सोबत नाही. ताजं हाड तिरपं, धारदार कडेने तुटतं. वाळलेलं खडबडीत, आडवं. माझ्या कथेतला खून तर त्या कडेवरच उकलतो!

तरी लिहिणाऱ्यांनी, शिकणाऱ्यांनी जरूर घ्यावा. जबड्याची स्प्रिंग पहिल्याच दिवशी निखळली, तेवढी आल्या आल्या तपासून घ्या.