वर्गणी, सीएसआर की ठेव? सांगलीत कलाकारांसाठी जागा उभी करताना

नाटकाच्या या गावात तालमीला परवडणारी जागा मिळत नाही. चित्रकारांची तीच गत, आणि मिरजेच्या सतारमेकरांचीही. ओळखीच्या एका कारागिराच्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले असतात. तंबोऱ्याची लांब दांडी फिरवायची तर एकाला उठून रस्त्यावर उभं राहावं लागतं. अशा लोकांसाठी सात-आठ खोल्या आणि एक सभागृह उभं करायचं तुमच्या गटानं ठरवलंय, तर पैसा कुठून आणायचा यावर मला मनापासून काही सांगायचंय.

लोकवर्गणीचा मोठा गुण म्हणजे ती उद्यापासून सुरू करता येते. पण आपल्याकडे ती गणपतीसारखी मागितली जाते: एकदाच, उद्घाटनाच्या जोरावर. नंतर लाइट बिल कोण भरणार? त्यापेक्षा महिन्याची वर्गणी मागा. समजा १५० घरांनी महिना २०० रुपये दिले, तर ३०,००० होतात. भाड्याचा मोठा भाग आणि वीज त्यात निघू शकते. हिशेबाचा कागद दर महिन्याला दारावर लावा, लोक तो वाचतात. देणगीदाराला आयकरात वजावट देणाऱ्या ८०जीच्या पावतीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चात, रक्कम मोठी असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. त्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला स्पष्टपणे आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे तंतुवाद्यांची कार्यशाळा त्या चौकटीत अलगद बसते. अडचण पुढे आहे. संस्थेकडे आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या हव्यात, सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हवी, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. काल स्थापन झालेल्या ट्रस्टला हे दार बंदच. जुन्या संस्थेच्या नावाने पैसा आणता येतो, पण मग खोली कोणाला द्यायची हे ती संस्था ठरवणार. ते आधीच कागदावर घ्या, नंतर मैत्री तुटते. माझा अनुभव असा, की फरशी, वायरिंग, जिना यांना कंपन्या हात सैल सोडतात. राखणदाराच्या पगाराचं नाव काढलं की बैठक संपते.

ठेवीचं थोडक्यात सांगतो. खोली वापरणाऱ्या कलाकाराकडून चार-सहा महिन्यांचं डिपॉझिट जरूर घ्या. पण व्याज देऊ म्हणून गावाकडून ठेवी गोळा करू नका. अशा अनियंत्रित, म्हणजे सरकारी देखरेखीबाहेरच्या ठेवींवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. कर्जही लगेच मिळेल असं धरू नका, ट्रस्टला त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची, म्हणजे ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागू शकते.

जागेचीही एक मेख आहे. वाडा देवस्थानाचा किंवा दुसऱ्या ट्रस्टचा असेल, तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराला आयुक्तांची मंजुरी लागते. ती हातात येईपर्यंत दुरुस्तीवर रुपयाही घालू नका.

गट नवा असेल तर मी वर्गणीच निवडेन. ट्रस्टची नोंदणी मात्र याच महिन्यात टाकेन आणि दोन भाड्याच्या खोल्यांत का होईना काम सुरू करेन, म्हणजे सीएसआरच्या अटीतली तीन वर्षं मोजणं सुरू होईल. पाठीशी जुनी संस्था असेल तर बांधकाम सीएसआरवर, रोजचा खर्च वर्गणीवर. सभागृह लग्नाच्या बैठकींना तासावर द्यायलाही माझी हरकत नाही, त्यातून खोल्यांचं भाडं खाली राहतं.

आणि तळमजला स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. २०१९ च्या पुरात माझी खोली बुडाली. पाणी ओसरल्यावर कॅनव्हास चौकटीतून सुटून लोंबत होते, गाळ मागून रंगापर्यंत पोचला होता. बारा वर्षांचं काम मी फावड्यानं बाहेर काढलं. जागा बघायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी शेजारच्या घरात जा आणि पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. कुणीतरी भिंतीवर हात ठेवून दाखवेल.