जुना प्रोग्राम ब्राउझरमध्ये: अपाचे ग्वाकामोले कितपत पुरतं?

व्हिज्युअल बेसिक ६ किंवा फॉक्सप्रोमधला हिशेबाचा प्रोग्राम वेबवर न्यायचा म्हटलं, की तो नव्याने लिहायची भाषा सुरू होते. घाई नको. प्रोग्रामचं गणित चोख असेल आणि तो फक्त बाहेरून वापरता येत नसेल, तर आधी ग्वाकामोले लावून बघा. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामची स्क्रीन ब्राउझरमध्ये दाखवणारं हे साधन मोफत आणि ओपन सोर्स आहे, आणि वापरणाऱ्याकडे ब्राउझर असला की झालं.

ग्वाकामोलेतली ग्वाकडी ही सेवा (पोर्ट ४८२२) विंडोज सर्व्हरशी आरडीपीने (विंडोजची स्क्रीन दुरून वापरण्याच्या प्रोटोकॉलने) बोलते आणि टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवरचं वेब ॲप स्क्रीनचं चित्र ब्राउझरला पुरवतं. ग्वाकामोलेच्या १.५ आवृत्तीला टॉमकॅट ९च द्या, १० वर ती चालत नाही. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचं बफरिंग (डेटा साठवून मग पाठवणं) बंद करून वेबसॉकेटचे, म्हणजे सतत उघड्या जोडणीचे, हेडर पुढे पाठवा, नाहीतर स्क्रीन अडखळते. ग्वाकॲडमिन हे सुरुवातीचं खातं पहिल्याच दिवशी काढून टाका.

खरी कसोटी कीबोर्डची. फॉक्सप्रोत कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे 'सेव्ह करून बाहेर', ब्राउझरमध्ये म्हणजे टॅब बंद! आणि ब्राउझर ही कळ वेबपेजला देतच नाही. टॅब गेला तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत राहतं, रेकॉर्डचं लॉकही तसंच, आणि दुसरा माणूस ताटकळतो. तुटलेली सेशन्स किती मिनिटांनी संपवायची, ते ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या मध्यवर्ती सेटिंग्जमध्ये) ठरवून टाका. शॉर्टकट बदलता येत असेल तर तोही बदला.

छपाई पीडीएफ होऊन ब्राउझरमध्ये उतरते. लेझर प्रिंटरला हे छान चालतं. पण प्रोग्राम थेट एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर लिहीत असेल तर त्यातून काहीच बाहेर येत नाही, कारण तो विंडोजच्या प्रिंटरला विचारतच नाही. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नेटवर्कवर शेअर करून सर्व्हरवर 'नेट यूज' या कमांडने एलपीटी१ त्याला जोडावा लागतो. दूरच्या शाखेतून छपाई हवी असेल तर व्हीपीएन आलंच.

ग्वाकामोले फुकट असलं तरी विंडोजचे परवाने फुकट नाहीत. आरडीएसशिवाय (अनेकांना एकाच वेळी सर्व्हर दुरून वापरू देणाऱ्या विंडोजच्या सेवेशिवाय) सर्व्हरवर प्रशासनापुरती दोनच सेशन्स मिळतात. आरडीएस लावलं की १२० दिवसांची सवलत, मग प्रत्येकामागे कॅल, म्हणजे वापराचा परवाना. युनिक्सवरच्या कोबोल प्रोग्रामला ही भानगड नाही, तिथे एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या प्रोटोकॉलने सरळ काम होतं. मात्र आयबीएमच्या ५२५० टर्मिनलचा प्रोग्राम असेल तर दुसरं साधन शोधा, कारण तो प्रोटोकॉल ग्वाकामोलेत नाही.